अर्थिंग बघितलं का?

मिक्सर बिघडला तर ते बापूंना सांगू नये. टीव्हीवर मुंग्या दिसतात, हेही सांगू नये. "अर्थिंग बघितलं का?" असं विचारत ते चपला काढतात, म्हणजे बसणार असतात. तुमच्याही गल्लीत असा एक असेलच. कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त, शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काहीतरी 'जवळजवळ पूर्ण झालेलं'.

भाच्याचं लग्न मोडलं तेव्हा सगळे नातेवाईक पत्रिका काढून बसले होते. बापू म्हणाले, "दोघांचं अर्थिंग वेगवेगळं होतं. मधल्या मध्ये करंट फिरत राहिला." मुलीकडच्यांनासुद्धा हे पटलं.

आमच्या कोल्हापूरच्या या बापूंच्या शेडमध्ये सीएनसी प्लाझ्मा टेबल आहे. लोखंडी चौकटीवर मोटरींनी सरकणारा पूल, पुलाला टॉर्च, टॉर्चच्या तोंडाशी 20,000 अंशांच्या घरातला झोत. संगणकावर काढलेली नक्षी खालच्या प्लेटमधून कापून निघावी, अशी योजना. माझ्या फाटकाचा सूर्य तिथेच कापून मिळणार होता. ॲडव्हान्स म्हणून बापूंनी फक्त प्लेट मागून घेतली.

कळ दाबली की ठिणगी पडायची आणि त्याच क्षणी संगणकावरचा बाण सैरावैरा पळायचा, यूएसबी सुटायची, पूल जागच्या जागी थांबायचा. टॉर्च मात्र थांबायचा नाही. सूर्याच्या जागी नुसतं भोक.

"हाय फ्रिक्वेन्सी," बापू म्हणाले. "ठिणगी पेटवायला मशीन ती सोडतं. तिला जमिनीत जायला वाट नसली की ती दिसेल त्या वायरीत घुसते." एवढं ऐकून मला आदर वाटू लागला होता. तेवढ्यात ते म्हणाले, "खड्डा मारू या."

परसात खड्डा पडला. कोळसा, मीठ, तांब्याची प्लेट, वर नरसाळं लावलेला पाइप. खड्डा ओला राहावा म्हणून रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम काकूंकडे आलं. मिठानं शेजारचा कढीपत्ता गेला. काकू पाणी ओतत राहिल्या, पण कढीपत्त्याचा विषय त्यांनी अजून सोडलेला नाही. नवीन कामवाली मावशी रोज हे पाणी घालणं बघत होती. एका गुरुवारी तिनं पाइपला हळदकुंकू वाहिलं. बापूंनी ते पुसू दिलं नाही. "असू दे. रेझिस्टन्स वाढत नाही त्यानं."

आणि टेबल चाललं! खड्ड्याचा जयजयकार झाला. त्याच दुपारी उद्यमनगरातून आलेल्या पोरानं टॉर्चची केबल आणि मोटरच्या वायरी, ज्या बापूंनी नीटनेटकेपणासाठी एकत्र बांधल्या होत्या, त्या सोडवून लांब लांब नेल्या होत्या. ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली नाही.

मग आषाढ लागला. आता नोझल भराभर जळू लागले, इलेक्ट्रोडच्या टोकाला खळगे पडू लागले, कापाखाली मळीचे गोळे लोंबू लागले. उंची बघितली, वेग बघितला. दिशाही बघितली: टॉर्चच्या उजव्या हाताची कड सरळ येते, डाव्या हाताची तिरकी, म्हणून बाहेरची कड प्रदक्षिणेच्या दिशेनं कापायची आणि आतलं भोक उलट. सगळं बरोबर होतं. बापूंनी कुदळ मागवली. दुसरा खड्डा.

त्याच पोरानं न विचारता कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडला. फस्सकन पाणी आलं आणि येतच राहिलं. कोल्हापूरच्या पावसाळी हवेतला सगळा ओलावा टाकीत साठून टॉर्चपर्यंत पोचत होता. बापू त्या बादलीकडे बराच वेळ बघत राहिले. आता तरी हा माणूस तो शब्द सोडील, असं मला वाटलं.

"फेकू नको रे," ते पोराला म्हणाले. "अर्थिंगच्या खड्ड्यात ओत."

तरीही एक गोष्ट सांगायला हवी. मनात नाही, पण सांगतो. उद्यमनगरात एका वर्कशॉपचं मोठं प्लाझ्मा टेबल बंद पडलं. ठिणगी पेटायची आणि प्लेटला न लागताच विझायची. सर्व्हिसवाला आला, मशीनकडे लांबूनच बघून "बोर्ड गेला" म्हणाला आणि लाखाच्या पुढचा आकडा लिहून गेला. मालकानं बापूंना बोलावलं. बापूंनी बोर्डाला हातही लावला नाही. ते टेबलाखाली वाकले. प्लेटला लावायचा अर्थिंगचा क्लॅम्प कुणीतरी टेबलाच्या गंजक्या पट्टीला अडकवला होता. तो काढून, प्लेटची कड घासून तिथे लावला. झोत पहिल्या दणक्यात पलीकडे गेला. या खेपेला अर्थिंग खरंच अर्थिंग निघालं होतं, आणि बापू एकदाही तो शब्द बोलले नाहीत. हसतसुद्धा नव्हते. मजुरी म्हणून त्यांनी जळक्या नोझलची एक पिशवी मागून आणली. ती ते रात्री भिंग लावून बघतात. कुठला नोझल कशानं मेला, हे त्यांना कळायला हवं असतं. बिघाड दुरुस्त होण्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही. तो का झाला, ते कळल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. माझं फाटक अजून बांबूचं आहे ते यामुळेच.

पुढच्या बिघाडाला त्या मालकानं पुन्हा सर्व्हिसवाल्यालाच बोलावलं. मी कारण विचारलं. "बापूंचं बिल नसतंय हो," तो म्हणाला. "जीएसटी क्रेडिट कुठनं दाखवायचं?" बोर्ड बदलला गेला. जुना भंगारात गेला.

हे बापूंना सांगावं की नाही, याचा मी विचार करत होतो. शेवटी सांगितलं. ते रागावले नाहीत.

"बरोबर आहे की त्याचं," बापू म्हणाले. "धंदा आहे. पण तू उद्या तिकडनं जाणार असशील, तर क्लॅम्प परत पट्टीलाच लावलाय का, तेवढं बघून ये."

बघून आलो. पट्टीलाच होता.