गोळी लागली, पुरावा काय?

जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले मामा इंग्लंडला बहिणीकडे राहायला आले, ते कलम-पोटकलमांपासून सुटका झाली या समजुतीत. चौथ्याच दिवशी भाचा चहा पिता पिता म्हणाला, "मामा, महिन्याभरात मित्राच्या शेतावर एअरसॉफ्ट खेळायचा बेत आहे. बंदुका घेऊन."

मामांनी बशी खाली ठेवली. "शेत कोणाच्या नावावर आहे?"

"मित्राच्या वडिलांच्या. खासगी जागा आहे रे, कोण विचारतंय?"

'आपल्याच रानात कोण विचारतंय' म्हणणारे शेवटी कुठे येऊन बसतात, हे मामांनी जन्मभर कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि इंग्लंडचे कायदे वाचायला घेतले. बहिणीने लंडन दाखवायचं ठरवलं होतं. ते राहिलं.

एअरसॉफ्टची बंदूक दिसायला अस्सल, पण तिच्यातून सुटते सहा मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी. हे 'अस्सल दिसणं' हीच कायद्याची डोकेदुखी. 2006च्या हिंसक गुन्हे प्रतिबंधक कायद्याने हुबेहूब नकली बंदुका बनवायला, आणायला आणि विकायला बंदी घातली. बंदूक भडक लाल, पिवळी, हिरवी, निळी, गुलाबी किंवा पारदर्शक असेल, तर ती हुबेहूब ठरत नाही. उंची 38 आणि लांबी 70 मिलिमीटरहून कमी असेल तरीही नाही. म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याला लटकवायला हरकत नाही. आणि 1870च्या आधीच्या धाटणीची बंदूक या कायद्याच्या लेखी 'आधुनिक' नाही, त्यामुळे तिच्या नकलेलाही मुभा.

"म्हणजे 1857च्या उठावातली चालते!" मामा खूश झाले. "बघ, इंग्रज अजून शहाणा झालेला नाही."

भाच्याकडे निळीभोर बंदूक होती. ती काळी करायला त्याने रंगाचा स्प्रे आणून ठेवला होता. मामांनी तो स्प्रे जप्त केला. नकली बंदूक बदलून हुबेहूब करणं हाही त्या कायद्याने गुन्हाच. विमा उतरवून भरवलेल्या खेळांना वेगळी सवलत आहे. खेळाडू ठरावीक मैदानांवर किमान 56 दिवसांच्या काळात तीन वेळा खेळला की त्याला नोंदणी मिळते, आणि दुकानदार त्या नोंदणीच्या भरवशावर काळी बंदूक विकतो. "खोटी बंदूक घ्यायला खरी चारित्र्यपडताळणी," मामा पुटपुटले. अठरा वर्षांखालच्यांना मात्र कुठलीच नकली बंदूक विकत घेता येत नाही, गुलाबीसुद्धा नाही.

पुढे जमिनीचा अध्याय. शेतजमीन वर्षातून 28 दिवस दुसऱ्या कामाला तात्पुरती वापरता येते. पण ती जागा विशेष वैज्ञानिक महत्त्वाची ठरलेली असेल, तर या सवलतीत 'युद्धखेळ' बसत नाहीत. नियमांत युद्धखेळाची व्याख्याही आहे, आणि तिच्यातून संरक्षणमंत्र्यांच्या अधिकारात चालणारा लष्करी सराव वगळलेला आहे. खऱ्या फौजेला कोणी खेळ म्हणू नये, याची तजवीज! शिवाय 1957च्या कायद्याने आलेल्या पाहुण्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी जागेच्या ताबेदारावर, आणि 1984च्या कायद्याने न बोलावता घुसलेल्याचीही थोडीफार.

खरा पेच निघाला पायवाटेचा. शेतातून सार्वजनिक पायवाट जात होती. इंग्लंडमध्ये अशा वाटेवर कोणीही कुत्रं घेऊन चालू शकतो, आणि सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणं हा गुन्हा आहे. झुडपात दबा धरलेला भाचा एखाद्या आजीबाईंच्या नजरेस पडला, तर पुढे येणाऱ्या पोलिसांच्या हातात निळी बंदूक नसणार. मामांनी खेळाची हद्द वाटेपासून लांब आखली, फलक लावले, बंदुका पिशवीत बंद करूनच न्यायच्या असा हुकूम काढला आणि 101 क्रमांकावर पोलिसांना आगाऊ कळवायला लावलं. मित्राच्या वडिलांकडून लेखी संमती घेतली. त्यांनी सही केली आणि सातबारा म्हणजे काय, हे अर्धा तास ऐकून घेतलं.

रविवारी मामा पंच. एकेक बंदूक वेगमापक यंत्रापुढे धरली गेली. एका दाबात अनेक गोळ्या सोडणाऱ्या बंदुकीला 1.3 ज्यूल आणि एकेक सोडणारीला 2.5 ज्यूल ही कायद्याची मर्यादा. त्यापुढे ती एअरसॉफ्ट राहत नाही. एक ज्यूल ऐकायला चिमूटभर, पण 0.2 ग्रॅमची गोळी त्या जोरावर सेकंदाला 100 मीटर, म्हणजे ताशी 360 किलोमीटर धावते. त्वचेवर लाल ठिपका उठतो, डोळ्याचं मात्र कायमचं नुकसान होऊ शकतं. म्हणून आघाताची चाचणी झालेला गॉगल हवाच. नंबरचा साधा चष्मा चालत नाही. गॉगलवर वाफ धरते आणि पुसायला तो काढावासा वाटतो, तिथेच घात होतो. दर दोन मिनिटांनी मामा ओरडत होते, "गॉगल! अरे, गॉगल!"

पण मामांना सर्वांत मोठा धक्का खेळातच बसला. पेंटबॉलसारखा रंग इथे उडत नाही. गोळी लागल्याची खूण नाही, पंचनामा नाही. ज्याला लागली त्यानेच हात वर करून "हिट!" म्हणायचं आणि मुकाट्याने बाहेर यायचं. आरोपी आपण होऊन कबुली देतो आणि स्वतःच्या पायांनी चालत येतो, हे मामांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

दुपारी पोरांनी त्यांनाही गॉगल चढवून, निळी बंदूक देऊन झाडामागे उभं केलं. पाचच मिनिटांत जाड कोटावर काहीतरी टपकन आपटलं.

मामांनी आधी उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे. साक्षीदार कोणीही नव्हता.