घरी पाहिलेल्या सिनेमावर मत कसे द्यावे
(खान्देश विभागापुरती मार्गदर्शिका)

प्रस्तुत मार्गदर्शिका जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील अशा सर्व सज्ञान व्यक्तींना लागू राहील, ज्यांनी घरच्या घरी, बनियनवर, लोडाला टेकून एखादा चित्रपट पाहिला आहे अथवा पाहिल्यासारखे केले आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला असल्याने तेथील रहिवाशांनी ती आपापल्या जबाबदारीवर वाचावी.

नियमांची गरज पूर्वी नव्हती. टॉकीजमधून बाहेर पडणाऱ्या सगळ्यांनी एकच सिनेमा पाहिलेला असायचा, त्यामुळे पानटपरीपर्यंत जाईतो मत ठरून जायचं. आता एका गल्लीत चार घरं असतील तर चार टीव्हींवर चार सिनेमे चालू असतात. सकाळी दूध घ्यायला निघालेला माणूस ज्याला मत सांगतो, त्याने तो सिनेमा पाहिलेलाच नसतो. म्हणजे मत देणाऱ्यावरची जबाबदारी वाढली आहे, आणि नेमका इथेच बेशिस्तपणा बोकाळला आहे.

हे नियम तयार करताना धुळ्याला, देवपुरात राहणारे आमचे सख्खे साडू यांच्या वर्तनाचा दीर्घ अभ्यास करण्यात आला. त्यांना याची कल्पना नाही. कोणी देऊही नये.

नियम १ : मत आधी, सिनेमा नंतर

पोस्टर दिसलं, नट कोण ते कळलं, की मत तयार हवं. सिनेमा पाहून मत बनवण्यात तीन तास जातात आणि मत बदलण्याचा धोकाही राहतो. टीकेच्या बाबतीत आपला मुलूख कुणाला हार जाणारा नाही. ‘टीकास्वयंवर’ लिहिणारे भालचंद्र नेमाडे हे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. मात्र नेमाडे ज्या पुस्तकांवर लिहीत, ती आधी वाचत. आमच्या साडूंनी या परंपरेतली तेवढी अडचण दूर केली आहे.

नियम २ : ‘कुठे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं

सिनेमाचं नाव घेताच समोरचा माणूस ‘चांगला आहे का?’ असं कधीच विचारत नाही. तो विचारतो, ‘कुठे आहे?’ त्यानंतर विचारतो, ‘आपल्या रिचार्जमध्ये येतो का?’ याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढचं मत आपोआप ‘मग काही खास नसेल भो’ असं ठरतं, आणि ते तो स्वतःच ठरवतो.

नियम ३ : प्रमाणपत्र द्यावे

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने २०२४ मध्ये ‘यूए’ प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन पोटविभाग केले. आपल्याकडे वर्गवारी फार आधीपासून आहे आणि ती जास्त उपयोगी आहे :

अ) आईसमोर चालेल.
ब) आईसमोर चालेल, पण रिमोट हातात ठेव.
क) पोरं झोपल्यावर.
ड) तुला म्हणून सांगतो, मी पाहिला हे घरी बोलू नको.

मत देताना बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे मात्र सांगावंच. हा उपदेश विनोदाचा नाही. ‘ब’ वर्गातला सिनेमा ‘अ’ म्हणून सांगितल्याने दिवाळीला भाऊबंदकी झालेली पाहण्यात आहे. रिमोट हातात असला, तरी तो वापरण्याचं शिक्षण हवं. दहा सेकंद पुढे नेणारं बटण एकदा दाबून भागत नाही. आपण त्या प्रसंगाच्या ऐन मध्यावर जाऊन उतरतो. घाबरून परत दाबायला जावं, तर भलतंच बटण दाबलं जातं आणि प्रसंग पहिल्यापासून सुरू होतो. जाणती माणसं बटणाच्या नादी लागत नाहीत. ती उठतात, टीव्हीच्या बरोबर समोर उभी राहतात आणि विचारतात, ‘पंखा वाढवू का गं आई?’ आई म्हणते, ‘राहू दे.’ तरी ती उभीच राहतात. आईलाही सगळं कळत असतं. ती वाती वळत बसते.

नियम ४ : कूलरच्या काळात संवादांवर मत देऊ नये

एप्रिल-मेमध्ये जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा खिडकीत लोखंडी कूलर पूर्ण जोरात चालू असतो आणि नायक, नायिका, खलनायक सगळे कूलरच्याच आवाजात बोलतात. या काळात पाहिलेल्या सिनेमाच्या फक्त मारामाऱ्या आणि कपडे यांवर बोलावं. संवादांवरचं मत मृग निघेपर्यंत राखून ठेवावं. घरात कुणी पाण्याची बादली ओतायला उठलं, तर तेवढ्यात कथानक पुढे सरकलेलं असतं, हेही दिग्दर्शकाच्या खाती टाकू नये.

नियम ५ : झोपेचा हिशेब

हे कलम सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण आमचे साडू.

साडू सिनेमा लावतात तो रात्री शेवभाजी खाऊन. शेवभाजी, भाकरी, वर ताक. मग पाय लांब करून ‘हं, लाव’ म्हणतात. नावं पडद्यावर येईपर्यंत ते जागे असतात, कधीकधी नायकाचं घर दिसेपर्यंतही. पुढचं त्यांनी पाहिलेलं नसतं, पण मत मात्र पुढच्याच भागावर असतं : ‘मध्यंतरानंतर पडला.’ घरात मध्यंतर नसतं, हे त्यांच्या लक्षात आणून देण्यात अर्थ नाही. त्यांच्या मते प्रेक्षकाला झोप लागली, तर तो दिग्दर्शकाचा दोष. झोप चांगली लागली, तर संगीतकाराचा गुण.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मी त्यांना मुद्दाम सुचवला. २०१४ चा, व्हेनिसला गौरवलेला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला सिनेमा. कॅमेरा एका जागी शांत उभा राहतो आणि माणसं खरोखरच्या कोर्टात बोलतात तशी कंटाळवाणी बोलतात. तीच त्याची ताकद. साडूंना पहिल्या तारखेलाच झोप लागली. गंमत अशी, की त्या सिनेमाच्या शेवटी सुट्टीवर गेलेले न्यायाधीशच बाकावर डुलक्या घेताना दिसतात, पोरं ओरडून उठवतात, एकाला थप्पड बसते आणि साहेब पुन्हा डोळे मिटतात. मी हे साडूंना सांगितलं. ते म्हणाले, ‘मग मी काय वेगळं केलं? मला बरोबर समजला सिनेमा.’ यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

नियम ६ : शेवट सांगून टाकावा

याबाबत बाहेरगावच्या लोकांचे फार नखरे असतात. शेवट सांगितला की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आपल्याकडे गोष्ट सांगणारा माणूस शेवटापासूनच सुरू करतो : ‘मरतो तो. पण ऐक ना, कसा मरतो.’

या सवयीत एक खरी कसोटी दडलेली आहे, ती मात्र गंभीरपणे सांगतो. शेवट सांगूनही ऐकणारा रात्री तोच सिनेमा लावून बसला, तर सिनेमा दमदार. ‘शोले’मध्ये जय वाचत नाही, हे १९७५ पासून सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी टीव्ही बंद केला नाही. ‘सैराट’चा शेवट २०१६ च्या उन्हाळ्यात भाजीबाजारातही सांगितला जात होता. तरी घरोघरी तो लागला, त्या लहान पोराची रक्ताची पावलं आली, आणि शेवट माहीत असलेली माणसंच जास्त गप्प झाली. उलट ज्या सिनेमात शेवटच्या धक्क्याशिवाय काही नसतं, त्याचा धक्का सांगून टाकणं ही समाजसेवा आहे. दोन तास वाचतात.

नियम ७ : आपलं माणूस

सिनेमात खान्देशाचा संबंध निघाला, की मत देणं स्थगित ठेवून अभिमान सुरू करावा.

स्मिता पाटील पडद्यावर आली, की धुळे जिल्ह्यात अभिनयाची चर्चा होत नाही. ‘आपल्या शिरपूरची’ एवढंच म्हणायचं असतं. जन्म पुण्याचा, १९५५ चा, हे खरं. पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, तेव्हा विषय संपला. तिची भूमिका असलेला श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ २०२४ मध्ये नव्याने दुरुस्त होऊन कान महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा साडूंनी तो घरी लावला. गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून हा १९७६ चा सिनेमा उभा केला, हे मी त्यांना सांगितलं. ते उठून बसले. म्हणाले, ‘म्हणजे सभासदांना जन्मभर फुकट दाखवायला पाहिजे होता.’ त्या रात्री ते शेवटपर्यंत जागे राहिले. माझ्या माहितीत तसा दुसरा सिनेमा नाही.

अमळनेरात ‘श्यामची आई’वर नुसतं मत देऊ नये. साने गुरुजी तिथल्या शाळेत शिकवत होते. ऐकणाऱ्याचे आजोबा त्यांच्या वर्गात असण्याची दाट शक्यता असते. अत्र्यांच्या त्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, एवढं म्हणून चहा घ्यावा.

मालेगाव नाशिक जिल्ह्यात असलं, तरी महामार्गाने धुळ्याहून तासाभरावर आहे. त्यामुळे २०२५ मध्ये ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला, तेव्हा धुळेकरांनी त्यावर शेजारी या नात्याने मत दिलं : ‘हे आम्हाला काय सांगता? आम्ही तिथून लग्नाचे कपडे आणतो.’ पण ज्यांच्यावर तो सिनेमा आहे, त्यांची हकिकत या मार्गदर्शिकेच्या मुळावर येते. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. शुक्रवारी यंत्रमाग बंद, हातात पगार, आणि अख्खं गाव सिनेमाला. या लोकांनाही ‘शोले’ आवडला होता. तो कसा आहे हे टपरीवर सांगत न बसता, त्यांनी गावातली माणसं घेऊन २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. त्यात मागावर काम करणारा एक बारीक अंगाचा तरुण हिरव्या पडद्यासमोर उडाला. आवडलेल्या सिनेमावर मत देण्याचा इतका कष्टाचा प्रकार दुसरीकडे पाहिला नाही. आपण मात्र ‘फोटोग्राफी बरी आहे’ म्हणून कूस बदलतो.

नियम ८ : गल्ल्यावर बोलू नये

आपण तो सिनेमा भावाच्या मेहुण्याच्या पासवर्डवर पाहिला आहे. ‘पाचशे कोटी कमावले’ हे सांगताना आवाजात निदान मालकी नसावी.

नियम ९ : पडद्याचा आकार जाहीर करावा

मोबाइलवर, एसटीत उभ्याने, पारोळ्याच्या पुढे रेंज येत-जात असताना पाहिलेल्या सिनेमाला ‘भव्य नाही वाटला’ म्हणू नये.

नियम १० : फोनवरून मत देणे

हे कलम शिस्तीत लिहायचं ठरवलं होतं. जमेल असं वाटत नाही.

रविवारी सकाळी साडूंचा फोन येतो. ‘देखा का तो नवा पिच्चर?’ मी नाही म्हणतो. मग ते सुरू करतात. कोण कुठून आला, त्याने दार कसं उघडलं, पाऊस कसा लागला, मागे वाजलेलं संगीतसुद्धा तोंडाने. झोपेत गेलेला भाग ते स्वतःच्या मनाने भरतात, आणि पुढे कधी मी तो सिनेमा लावला, तर नेमका तोच भाग पडद्यावर फिका वाटतो. त्यांच्या सांगण्यात खलनायकाला एक म्हातारी आई होती. ती सिनेमात कुठेच नाही. ती असायला हवी होती.

एके काळी आमच्या गल्लीत वर्गणी काढून रात्रभरासाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा. तीन सिनेमे, ओट्यावर सतरंज्या, पट्टे मारणारी कॅसेट, आणि तिसऱ्या सिनेमाला जागं कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी मत कुणाला विचारावं लागत नव्हतं. सगळे एकाच वेळी रडलेले आणि एकाच वेळी झोपलेले असत. आता हॉलमध्ये एकटं बसून पाहिलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय साडूंना तो सिनेमा पाहिल्यासारखाच वाटत नाही. म्हणून ते फोन करतात. म्हणून मीही बहुतेक वेळा ‘नाही पाहिला’ म्हणतो. पाहिलेला असला, तरी.

हा मजकूर नियमात बसत नाही. पुढे चला.

नियम ११ : वाद विकोपाला गेल्यास

आखाजीला लेकी माहेरी येतात आणि मागोमाग जावई. गेल्या खेपेला अमळनेरच्या घरी पंगत बसली होती. खापरावरची पुरणपोळी, आमरस, आणि विषय ‘डॉन’.

सासरे म्हणाले, ‘साधाभोळा पोरगा होता बिचारा, शेवटी निर्दोष सुटला.’

साडू म्हणाले, ‘अण्णा, कोण म्हणतं? शेवटी तोच खरा डॉन निघतो. सगळ्यांना फसवतो.’

‘पाव्हणे, मी तीनदा पाहिलाय.’

‘मी परवाच पाहिला.’

आवाज चढले. पोळ्या थांबल्या. अण्णांनी ‘ह्या पिढीला बघताच येत नाही’ इथपर्यंत मजल मारली. साडूंनी ‘म्हातारपणी विसरायला होतं’ हे वाक्य अर्धं बोलून गिळलं. स्वयंपाकघरातून थोरली मेहुणी तुपाची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, ‘अण्णा अमिताभचा सांगताय, अठ्ठ्याहत्तरचा. हे शाहरुखचा सांगताय, दोन हजार सहाचा. दोघांचे शेवट वेगळे आहेत. रस घ्या.’

अशा प्रसंगी वाद मिटला असं समजून सर्वांनी पोळीकडे वळावं, असा नियम आहे. सगळे वळलेही. साडूंनी मात्र दोन घास खाल्ले, थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘मग अमिताभच्या पिच्चरचा शेवट चुकला.’

तो त्यांनी पाहिला आहे का, हे विचारण्याची तरतूद वरील नियमांत कुठेही नाही.