घरच्या घरी समुद्र

समुद्रावर जाऊन आल्यासारखे केस हवे असतील, तर पहिली अट अशी की समुद्रावर जायचं नाही. खरा समुद्र या कामाला अगदीच निरुपयोगी. जुहूला किंवा दादर चौपाटीला तासभर वाऱ्यात उभ्या राहा. केसांचं जे होतं त्याला आपल्याकडे झिंज्या म्हणतात. त्यातल्या निम्म्या मानेला चिकटतात, उरलेल्या भेळेत जातात. ‘बीच वेव्ह्ज’ नावाची वस्तू न्हाणीघरात तयार होते, दार लावून, गिझर चालू ठेवून. तिच्यात लाट असते पण खारा वास नसतो. वाराही असतो, पण तो ड्रायरचा.

कृती फार सोपी आहे, असं ती सांगणारी प्रत्येक जण म्हणते. केस धुवायचे. टॉवेलनं खसाखसा पुसायचे नाहीत, जुन्या सुती टी-शर्टात अलगद टिपायचे. (घरातले जुने टी-शर्ट आजवर फरशी पुसण्याच्या सेवेत होते. त्यांना मिळालेली ही बढती पाहून बरं वाटतं.) केस पुरते वाळू द्यायचे नाहीत, दमट ठेवायचे. कपभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ, थोडं कोरफडीचं जेल, खोबरेलाचे दोन-चार थेंब. हे सगळं फवाऱ्याच्या बाटलीत हलवून केसांवर मारायचं, केस मुठीत चुरगळायचे आणि सोडून द्यायचे. मीठ नको असेल तर बाथरोबचा पट्टा डोक्यावरून आडवा टाकायचा, दोन्हीकडचे केस त्याला पिळून गुंडाळायचे आणि तसंच झोपायचं. आता मराठी घरात पंचा असतो, आणि पंच्याला पट्टा नसतो. म्हणून मोजे चालतात, असं तज्ज्ञ भगिनी सांगतात. परिणामी घरातले बाबा सकाळी सव्वासातला एक काळा आणि एक करडा मोजा चढवून कामाला जातात. त्या दोघांचे जोडीदार लेकीच्या डोक्यावर अजून झोपलेले असतात.

या सगळ्यामागे शास्त्र आहे आणि ते खरं आहे, हीच यातली अडचण. केस केराटिन या प्रथिनाचे बनतात. त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजनचे बंध पाण्यानं सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असतील त्याच आकारात पुन्हा जुळतात. उष्णतेनंही हेच साधतं. म्हणून केस सरळ करायचं यंत्रच मनगट फिरवून लाटा काढायला वापरतात, तेही साधारण 180 अंशांना, म्हणजे हलवाई जिलबी सोडतो त्या उष्णतेला. पण पाण्यानं सुटणारी गोष्ट हवेतल्या पाण्यानंही सुटते. जुलै महिन्यात डोंबिवलीला पावणेआठला जुळलेले बंध ठाण्यापर्यंत डळमळतात, घाटकोपरला सुटतात, आणि दादरला जी उतरते तिच्या डोक्यावर फक्त पिंजलेला कापूस असतो. त्यात मिठाची भर. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेऊन ओलं होतं. म्हणून तर पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात. केसांत तांदूळ पडायला मात्र आपल्याकडे आधी लग्न ठरावं लागतं. माणसं खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे. केसांवर मारलेलं मीठ कुर्ल्यापर्यंतही जागत नाही. नागपूरकरणींची गोष्ट वेगळी. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत त्यांच्या लाटा टिकतात, फक्त त्या आडव्या न राहता विजेच्या भारानं उभ्या राहतात.

घरातल्या ज्येष्ठ सभासदांना हे सगळं समजावणं आणखी अवघड. एका घरात रात्री साडेदहाला झालेला संवाद असा:

“हे काय करतेस गं?”

“आजी, हीटलेस वेव्ह्ज. ओल्या केसांच्या दोन घट्ट वेण्या घालून झोपायचं.”

“बरं झालं, वेणीचं मनावर घेतलंस एकदाचं.”

“वेणी नाही गं. सकाळी सोडणार आहे.”

“मग घालतेस कशाला?”

“सोडण्यासाठीच.”

“तेल तरी?”

“दोन थेंब.”

“दोन थेंबांत निरांजनसुद्धा लागत नाही,” असं म्हणून आजी देवघराकडे वळल्या.

आजींचं काही चुकलं नाही. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या मुलींनी शाळेत रोज याच दोन वेण्या घातल्या, दुमडून कानांवर बांधल्या, वर लाल नाहीतर पांढऱ्या रिबिनीचं फूल काढलं. शनिवारी संध्याकाळी वेण्या सुटल्या की पाठीवर अशी भरती येई की आज सलूनमध्ये त्याचे चार आकडी पैसे मोजावे लागतील. पण रविवारी सकाळी आई शिकेकाईचं पातेलं घेऊन हजर. “झिपऱ्या आवर आधी,” म्हणून ती सगळी किनारपट्टी अर्ध्या तासात सपाट करी, आणि सोमवारी पुन्हा तेल. मुलगी वाकड्या वळणावर जाऊ नये म्हणून तिच्या केसांचंही वळण काढून टाकणारी ती व्यवस्था होती. तिच्याच कृतीला आज परदेशी नाव मिळालं आहे आणि आईला ते परवडतंही.

अशा कामांत पुरुषांनी नेहमीच पुढाकार घेतला, डोकं मात्र दुसऱ्याचं वापरलं. मार्सेल ग्रातो या पॅरिसच्या केशकारानं 1872 च्या सुमारास तापवलेल्या चिमट्यानं केसांत लाटा काढायची रीत बसवली. चिमटा किती तापलाय ते कागदावर टेकवून बघत; कागद करपला तर थांबायचं. कार्ल नेसलर या जर्मन गृहस्थानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कायमच्या लाटांचं यंत्र काढलं. जवळजवळ किलोभर वजनाच्या डझनभर पितळी दांड्या केसांना लावायच्या आणि बाईनं सहा-सहा तास बसायचं. पहिले प्रयोग त्यानं पत्नीवर केले, त्यात तिचे केस जळाले आणि डोकं भाजलं. लाटा मात्र टिकल्या. पुढे 2001 साली न्यूयॉर्कच्या ‘बंबल अँड बंबल’ या सलूननं मिठाच्या पाण्याचा फवारा बाटलीत भरून विकायला काढला आणि समुद्र किरकोळ विक्रीला आला.

आपल्याकडे तेव्हा उलटी लाट होती. केस काडीसारखे सरळ हवेत, म्हणून रिबॉन्डिंग नावाच्या विधीत रसायन लावून केसांतले गंधकाचे बंध तोडत, इस्त्री फिरवत आणि दुसरं रसायन लावून ते पुन्हा जोडत. त्यासाठी बायकांनी दिवाळीच्या बोनसवर पाणी सोडलं. आता त्याच खुर्चीत बसून त्याच बायका वाकडेपणा परत मागताहेत, आणि सलूनवाला तो देतोही, फक्त वेगळ्या बिलावर. रस्ता खोदणं, बुजवणं आणि पुन्हा खोदणं ही तीन स्वतंत्र कंत्राटं असतात, हे आपल्या महापालिकांना फार आधीच कळलं होतं.

मिठाचं तर काय बोलावं. 1930 साली शिरोड्याला, वडाळ्याला मिठासाठी सत्याग्रह झाले, त्यावरच्या कराविरुद्ध माणसं तुरुंगात गेली. त्यांच्या पणत्या आज 150 मिलिलिटर मिठाच्या पाण्यासाठी हजारभर रुपये हसत देतात. हा कर कुणी लादलेला नाही. त्यामुळे त्याविरुद्ध सत्याग्रहही करता येत नाही.

सगळ्यांत रम्य दृश्य गोव्यात दिसतं. पुण्याहून दहा-बारा तासांचा प्रवास करून मंडळी कळंगुटला येतात. बॅगेत यंत्र, फवारा, मोजे, सगळं असतं. हॉटेलच्या खोलीत तासभर खपून समुद्रावर जाऊन आल्यासारखे केस तयार होतात. मग त्या केसांना पाणी लागू नये म्हणून बाईसाहेब घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहतात आणि मोठी लाट दिसली की किंचाळत मागे पळतात. नवरा फोटो काढतो. तो डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला असतो आणि त्याच्या उरल्यासुरल्या केसांत आपोआप, फुकट, अस्सल मीठ असतं. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

जाता जाता: देशाच्या किनाऱ्याची लांबी वर्षानुवर्षं 7,516 किलोमीटर सांगितली जायची. अलीकडे बारीक मापानं, प्रत्येक वळण धरून मोजल्यावर ती 11,098 किलोमीटर भरली. किनाऱ्याची वळणं मोजली की लांबी वाढते, केसांना वळणं काढली की चार बोटं कमी होते. नवी मोजणी करणाऱ्यांनी एकदा ही बाजूही बघावी.

ज्यांचा समुद्राशी रोजचा संबंध, त्या मात्र या चळवळीपासून दूर आहेत. पहाटे ससून डॉकवर पाटी उचलणाऱ्या कोळणीचा अंबाडा असा घट्ट असतो की वादळातही एक बट सुटणार नाही, आणि वर वेणी माळलेली. उरण-पेणकडच्या मिठागरात उन्हात राबणारी बाई डोक्याला फडकं बांधते. केसांत मीठ गेलं की काय होतं, हे या दोघींना बाटलीवरचं लेबल न वाचता ठाऊक आहे. विस्कटलेलं दिसायची मुभा सगळ्यांना सारखी नसते. घरकामाला येणाऱ्या बाईचे केस सुटे दिसले तर “मावशी, केस बांधून या हं, पोळीत येतात,” असं तिला दारातच सांगितलं जातं. सांगणारीनं स्वतःचे केस बांधलेले नाहीत असं दिसावं म्हणून पाऊण तास घातलेला असतो.

मावशी त्यावर काही बोलत नाहीत. पदर खोचतात, अंबाडा घट्ट करतात आणि ताईंकडे एकदा नीट बघतात. लाटा, खारट कोरडेपणा, मुठीत चुरगळलेली टोकं, सगळं जिथल्या तिथे.

“बरं नाही का ताई? विंचरायचं पण झालं नाही आज. पडून राहा जरा.”

आणि त्या दिवशी चहात आलं जास्त पडतं.