आजीबाई, आपण अपात्र आहात

गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात मोह पडू लागला की पहाटेच टोपल्या निघतात. घरी उरतात दोनच वयोगट : अजून शाळेत न जाणारे आणि आता रानात न जाणारे. आजी अंगणात वाळत घातलेला मोह राखते, कोंबड्या हाकलते आणि तीन-चार पोरांना त्यातले खडे-काड्या वेचायला बसवते. कुणाची ओंजळ भरली, कुणी खडा तोंडात घातला, हा सगळा हिशेब माडिया भाषेत चालतो. केंद्राने 2024 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ अभ्यासक्रम काढला. खेळ, गोष्टी, परिसरातल्या वस्तू, घरची भाषा, सगळं आहे त्यात. आजीला तो कुणी दाखवला नाही तेच बरं. आपण कॉपी केली की काय, या धसक्याने ती खडे वेचणं बंद करायची.

मग घ्या की तिला अंगणवाडीत! असं भावनेच्या भरात बोलू नये. राज्याच्या 2023 च्या नियमाप्रमाणे सेविका काय, मदतनीस काय, बारावी पास हवी आणि वय 35 च्या आत. विधवेला 40 पर्यंत सूट. म्हणजे पोरं वाढवून बाई जरा शहाणी झाली की भरतीचं दार बंद. शिवाय जन्मतारखेचा पुरावा लागणार. आजी सांगणार, पर्लकोटा नदीला तो मोठा पूर आला ना, त्याच्या आदल्या साली. हे कोणत्या रकान्यात भरायचं?

नियम तसा निःपक्षपाती आहे. 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पोरं शाळेत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तेव्हा ताराबाई 53 वर्षांच्या. पदवीधर असूनही या नियमात अपात्र. सोबतच्या अनुताई वाघ पस्तिशीच्या आणि बालविधवा, त्या सवलतीत कशाबशा बसल्या असत्या.

इथेच, गडचिरोलीत, डॉक्टर बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली आणि बालमृत्यू घटवून दाखवले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 1999 मध्ये ते छापलंही. पण ‘लॅन्सेट’ म्हणजे काही जीआर नव्हे.

तेव्हा शासनाच्या सोयीसाठी जीआरचा मसुदा मीच करून देतो. पद : आजी (कंत्राटी). पात्रता : बारावी. अनुभव : किमान दोन नातवंडं, साक्षांकित प्रतींसह. स्मार्टफोन आवश्यक, ‘पोषण ट्रॅकर’वर आता चेहरा ओळखल्याशिवाय घरी न्यायचा आहार मिळत नाही. आजी अख्ख्या टोल्याचे चेहरे रेंज नसताना ओळखते हे मान्य, पण तो डेटा अपलोड होत नाही. माडियात सांगितलेली गोष्ट ग्राह्य धरली जाईल; सोबत प्रमाणित मराठी भाषांतर तीन प्रतींत जोडावं. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेल्यास आजीने तालुक्याच्या आढावा बैठकीला पुराच्या आधीच पोहोचावं.

मानधनाचा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही. ठेवला तर फाइल वित्त विभागात जाईल आणि ती परत येईपर्यंत अंगणात खडे वेचणाऱ्या नाती बारावी होऊन स्वतःच अर्ज करतील, अर्थात पस्तिशीच्या आत असल्या तर.