सेट झालाय, पण सेट नाही

अहो वहिनी, जरा इकडे या कुंपणाशी. तिकडून नको, तगरीखाली मुंग्या उठल्यात. विरजण हवंय ना? आणलंय वाटीत. पण आधी ऐका तरी, कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं कळलं का? धाकटीला पाहायला आले होते ना रविवारी, ते पार फिसकटत आलं होतं. आणि कशावरून, तर एका इंग्रजी शब्दावरून!

मध्यस्थ बाई सांगून गेल्या, ‘मुलगा सेट झालाय.’ आता सेट झालाय म्हटल्यावर तुम्ही-आम्ही काय समजणार? नोकरी पक्की, फ्लॅट घेतलेला, हप्ते संपत आलेले. मुलीकडच्यांनी पोह्यांबरोबर शिराही केला, काजू-बेदाणे घालून. चहा झाल्यावर मुलीच्या काकांनी हळूच पगाराचं काढलं. तर मुलगा म्हणतो, ‘तासावर मिळतो.’ काकांचा कप हातातच. कॉलेजात शिकवतो हो तो, पण तासिका तत्त्वावर! आणि सेट म्हणजे ती परीक्षा. प्राध्यापक व्हायला नेट नाहीतर सेट लागते ना, त्यातली. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं ती. पोरगा पहिल्या झटक्यात पास झालाय. म्हणजे सेट झालाय, पण सेट नाही! कायम जागा कधी निघेल, तेव्हा खरा सेट.

मी घरी येऊन यांना सांगितलं, तर हे हसतच सुटले. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस, त्यांना निमित्तच हवं असतं. म्हणाले, काकांना कशाला हसता, या शब्दाने भल्याभल्यांना दमवलंय. ऑक्सफर्डचा तो थोरला शब्दकोश आहे ना, 20 खंडांचा, त्याच्या 1989 च्या आवृत्तीत नुसत्या सेट या क्रियापदाचे 430 अर्थ दिलेत म्हणे. आणि ते समजावून सांगायला शब्द किती खर्ची पडले? 60,000! आपल्या मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची दुसरी आवृत्ती, त्यात सगळे मिळून शब्द आहेत साधारण तेवढेच. आपला अख्खा संसार ज्या आकड्यात मावला, त्यात यांचा एक सेट! हे लगेच म्हणाले, ही तुलना बरोबर नाही, तिकडे खुलाशातले शब्द मोजलेत नि इकडे कोशातल्या नोंदी. नसेना बरोबर, मला आवडली. आणि आता रन या शब्दाने सेटला मागे टाकलंय म्हणे, 645 अर्थ. पळणारा पुढे जायचाच, बसणारा कसा जाईल?

बसणारा असं उगाच नाही म्हणत मी. तेच तर सांगायचंय तुम्हाला. नातीला शाळेतून सेटची पाच वाक्यं करून आणायला सांगितली होती. मी म्हटलं, मीही शिकते तिच्याबरोबर. वही घातलीय मी, हसू नका. तर यांनी काय सांगावं? सिट म्हणजे बसणे, आणि सेट म्हणजे मुळात बसवणे. बस्स! आपण कसं, बसणे-बसवणे, पडणे-पाडणे, सरसकट करतो, तसं इंग्रजीतही एकेकाळी चालायचं. आता ती खोड मोडली, चार जुन्या जोड्या तेवढ्या उरल्या. फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे झाड पाडणे, ही त्यातलीच. नापासाचा फेल वेगळा बरं का.

हे ऐकल्यावर माझं डोकं असं चालायला लागलं म्हणून सांगू! मागे नात झोक्यावरून पडली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हाड सेट केलंय. हाड बसवलंयच की! सोनार अंगठीत खडा सेट करतो म्हणजे खडा बसवतो. कवितेला चाल बसवतात, तिथेही त्यांचा सेटच. पाऊस सेट इन झाला म्हणजे काय, तर बसकण मारली मेल्याने, आता उठत नाही. सूर्य सेट होतो तिथे मी अडले. त्याला कोण बसवणार? तर हे म्हणाले, तो आपला आपण खाली बसतो, दिवसभर उभा असतो बिचारा. हे शब्दकोशातलं नसावं, यांच्याच पदरचं असणार.

आणि तुमचा तो सेट झालेला मुलगा, त्याला आपण काय म्हणायचो? जम बसला, बस्तान बसलं. आहे की नाही बसणंच? सेटल हा शब्दही बसण्याच्याच घरातला, त्याचं मूळ म्हणजे आसन. आपल्या आज्यांना एक अक्षर इंग्रजी येत नव्हतं, पण बोलत होत्या तेच.

मला वाटलं, झालं, किल्ली सापडली. वहीत भराभर वाक्यं लिहिली. यांनी लाल पेन काढलं. निम्मी चूक! गणपती सेट केला म्हणायचं नाही म्हणे. उलट घड्याळाचा गजर ते सेट करतात, तो आपण बसवत नाही, लावतो. पेपर सेट करतात, तो आपण काढतो. तारीख सेट करतात, ती आपण धरतो नाहीतर ठरवतो. म्हणजे मूळ कळलं तरी कुणाच्या सोबतीला कोण बसतो, ते घरोघर जाऊनच बघायला हवं. माझी चिडचिड झाली, पण नात खूष. आजीला लाल पेन बसलं ना.

आणि डोशाचं सांगायचंच राहिलं. बेंगळुरूला भाच्याकडे गेलो होतो, तिथे मी सेट डोसा मागवला. मला वाटलं, दही कसं घट्ट बसतं तसा काहीतरी जाड बसलेला डोसा येणार. तर मऊ मऊ तीन डोसे, एकावर एक. मी वाढणाऱ्या पोराला म्हटलं, अरे एकच सांगितला होता. सगळं हॉटेल बघतंय! दोन-तीन मिळून एक, म्हणून सेट. यांनी परवा फोड करून सांगितली, की हा संचवाला सेट मुळात त्या घरातलाच नाही. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, नावासारखं नाव म्हणून इथेच नांदायला लागला. दागिन्यांचा सेट, कपबश्यांचा सेट, सगळे त्याचे.

हां, त्या पोरीचं. काका नको म्हणत होते, पण तिने स्वतःच हो म्हटलं. म्हणाली, मलाही सेट द्यायचीय, नोट्स तरी आयत्या मिळतील. दिवाळीनंतरची तारीख धरलीय. पोरगी हुशार निघाली हो, काजू वाया नाही गेले.

घ्या, धरा हे विरजण. कोमट दुधातच घाला, गरम घालाल तर फाटेल. आणि वाटीची घाई नाही हं मुळीच, सावकाश द्या. फक्त काय आहे, सहाचा सेट होता तो, आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आलेला. आता घरात तीनच सापडतात. ही चौथी. उरलेल्या दोन, वहिनी, तुमच्या मांडणीत वरच्या फळीवर दिसतात मला इथून.