रिमोट तीन, सासू एकच

कळव्यात, खारेगावापासून विटाव्यापर्यंत, गच्च्यांवरून केबलच्या काळ्या वायरी अजून लोंबतात आणि इंटरनेटचं फायबरही त्यांच्याच आधारानं घरात येतं. भांडणारे दोघं एकाच खिळ्याला टांगलेले.

सेट-टॉप बॉक्सची सक्ती झाली तेव्हा (ठाणे, कल्याण-डोंबिवलीला मुदत होती ३१ मार्च २०१३) आता प्रेक्षक राजा होणार, असं सांगितलं गेलं. २०१९मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं राजाला चॅनेलही निवडायला लावले. राजा यादी बघून दमला आणि केबलवाल्याला म्हणाला, “दादा, तुम्हीच लावा काय ते!” पुढे फेब्रुवारी २०२३मध्ये दरांच्या करारावरून स्टार, झी आणि सोनीनं अनेक केबलचालकांचं प्रक्षेपणच तोडलं. साडेचार कोटी घरांना फटका बसल्याचं केबलचालकांच्या महासंघानं सांगितलं. राजाला कुणी विचारलं नाही.

मग ॲपकडे वळावं, तर ‘स्टार प्रवाह’ जिओहॉटस्टारवर, ‘झी मराठी’ झी५वर, ‘सोनी मराठी’ सोनीलिव्हवर. छळणारी सासू सगळीकडे तीच, वर्गणी मात्र तीनदा. त्यात जुना टीव्ही म्हणतो, हे ॲप माझ्यावर चालत नाही. नवा आणला, तर पुण्याची मुलगी त्याच पासवर्डवर बसलेली, त्यामुळे ‘उपकरणांची मर्यादा संपली’.

केबलवाला निदान वसुलीला दारात येतो. तेव्हा त्याला धरून भांडता येतं. ॲपशी भांडायला गेलं, की यंत्र आभार मानतं. म्हणून रोज मालिका बघणाऱ्या घरानं केबल तोडू नये. आयपीएलपुरतं ॲप घ्यायचंच असेल, तर आधी तेवढं ऑटो-पे बंद करा.