‘विदर्भाचं सँटोरिनी’ शोधणाऱ्या रीलवीरास

रा. रा. रीलवीर भाऊसाहेब यांस,

सप्रेम नव्हे, नुसताच नमस्कार.

तुमची ती पाऊण मिनिटाची रील आमच्या घरी ऐन जेवणाच्या वेळी येऊन धडकली. ‘ग्रीसला कशाला जाता? विदर्भाचं सँटोरिनी पाहा, कपलसाठी फक्त तीन हजारांत!’ मागे गुलाबी पाणी, पुढे पांढऱ्या सदऱ्यात हात पसरून तुम्ही. आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर कुठंतरी निवांत जायचंच होतं. खरं सँटोरिनी गाठायचं तर नुसत्या व्हिसाच्या अर्जालाच माणशी ९० युरो. म्हणजे विमानाचं तोंड दिसायच्या आधीच दोघांचे पंधरा-वीस हजार खलास, आणि अर्ज नाकारला तरी ते परत नाहीत. इकडे तुमचं सँटोरिनी म्हणजे लोणारचं सरोवर. चिखलीहून मेहकर आणि पुढे लोणार, ह्यांचं एसटीचं पूर्ण तिकीट, माझं अर्धं. म्हटलं, चला, भाऊंनी मध्यमवर्गाची सोय पाहिली.

‘पांढरे-निळे कपडे घाला, फोटो भारी येतात’ हाही तुमचाच सल्ला. ह्यांनी लेकीच्या लग्नातली पांढरी पँट काढली. विवराच्या काठावरून उतरणारी पायवाट दगडाधोंड्यांची, वाळक्या पाल्याची. खाली गेलं की बाभूळबन. पाण्याजवळ पोचेस्तोवर पँटीला गुडघ्यापर्यंत कुसळं आणि पोटरीवर काट्यानं काढलेली लांबलचक तिरकी चीर. काठाला काळा चिखल, त्याला कुजक्या अंड्याचा वास. नाकाला रुमाल लावून हे म्हणाले, ‘काऊन वं, ग्रीसमंधी बी असाच वास येते का?’

आणि पाणी हिरवं, भाऊ. चक्क हिरवं.

तुमचं गुलाबी पाणी खोटं होतं असं मी म्हणत नाही. ते जून २०२० मधलं होतं. उन्हाळ्यानं पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी सरोवराचा रंग पालटला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून हे सांगितलं. पाऊस पडला, पाणी वाढलं, रंग गेला. त्या बिचाऱ्या जिवांनी जे थोडे दिवस केलं, ते तुम्ही फिल्टर लावून बारमाही करून दाखवलंत. विज्ञानाला हे जमलं नव्हतं.

पुढे तुम्ही छातीठोकपणे सांगता, ‘सँटोरिनीसारखंच हे ज्वालामुखीचं तोंड!’ सँटोरिनी ज्वालामुखीचं आहे, कबूल. साडेतीन हजार वर्षांपूर्वी एवढा मोठा स्फोट झाला की बेटाचा मधला भाग खचला आणि त्यात समुद्र शिरला. त्याच खचलेल्या कड्यावर ती पांढरी घरं बांधलीत. पण आपल्या लोणारला खालून काही आलं नाही हो, वरून आलं. आकाशातून पडलेल्या दगडानं दख्खनच्या काळ्या कातळात पावणेदोन किलोमीटरहून थोड्या जास्त रुंदीचा खड्डा पाडला. इथेही ज्वालामुखीच असणार, असं बरीच वर्षं मानत होते. पण प्रचंड धक्क्यानं खनिजाची जी एक खास काच होते, ती इथल्या खडकात सापडली आणि १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध आला. तिथे तो वाद मिटला. तुमच्यापर्यंत बातमी पोचायला जरा उशीर झाला, एवढंच. बेसाल्टमध्ये इतकं नीट टिकलेलं आघाती विवर पृथ्वीवर दुसरं सांगणं कठीण. चंद्र-मंगळावरचे खड्डे समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक लोणारला येतात, आणि तुम्ही ग्रीसची झूल पांघरून त्याला देखणं करायला निघालात! वय विचाराल तर ५२ हजार वर्षांपासून ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत, पद्धतीप्रमाणे उत्तर बदलतं. तुम्ही मात्र ‘करोडो साल पुराना’ म्हणून मोकळे झालात.

‘पाणी एकदम इन्फिनिटी पूल, उतरून बघाच’ या वाक्यासाठी तर तुमचा सत्कारच व्हायला हवा. पाणी इतकं खारं की पूर्वी त्यातला सोडा काढून साबणाला, काचेला वापरत. मी दोन बोटं बुडवली तर धुणं भिजवलेल्या बादलीत घातल्यासारखी बुळबुळीत झाली. आमचा वाटाड्या म्हणाला, ‘बाई, याच्यात कोनी पोवत नाही. पोवाचं आसन तं धारीवर जा.’

धार मात्र तुमच्या रीलमध्ये नाहीच! काठावर गोमुखातून गोड पाण्याची धार अखंड पडते, खाली तळ्यात तोंडात धरवणार नाही असं पाणी. संध्याकाळी आम्ही तिथे पायऱ्यांवर बसलो. खालच्या झाडीतून मोर ओरडत होते, बाजूला एक आजी नातवाला धारेखाली धरून घासत होत्या, ह्यांनी पँट पोटरीपर्यंत दुमडली होती आणि तासभर कुणी काही बोललं नाही. सुट्टी झाली ती एवढीच, पण झाली. तुमचा तिच्याशी काही संबंध नाही.

गावातल्या दैत्यसूदन मंदिराला तुम्ही चार सेकंद दिलेत, तेही भिंतीकडे पाठ करून. ज्या भिंतीला तुम्ही टेकलात तिच्यावर वीतभर मूर्ती आहेत. कुणाचा कमरपट्टा मणी मोजता येईल इतका कोरलेला, कुणाचं नाक झिजून सपाट झालेलं. तिथली कथा तर तुमच्याच धंद्याची आहे. लवणासुर जमिनीखाली दडून बसलेला. विष्णू देखणा तरुण होऊन आला, दैत्याच्या बहिणी भुलल्या आणि त्यांनी भावाचं लोकेशन फोडून टाकलं. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं आणि दैत्य संपला. लोकेशन फोडल्यानं काय होतं, हे लोणारइतकं कुणाला ठाऊक असणार?

म्हणून विचारते, रीलमधला तो ड्रोन कशाला? २००० सालापासून हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतलं पाणथळ. तुमचं यंत्र कावळ्यांच्या उंचीवरून घरघरत गेलं आणि बगळ्यांचा थवा उठला, ते तुम्ही स्लो मोशनमध्ये, वर सनई लावून दाखवलंत. तुमच्या त्या खऱ्या सँटोरिनीत गर्दीनं लोक इतके टेकीला आलेत की जुलै २०२५ पासून क्रूझनं उतरणाऱ्याला ऐन हंगामात माणशी २० युरो मोजावे लागतात. आपल्याकडे अजून कुसळं फुकट आहेत, तर तुम्हाला ते बघवेना.

तुमच्या रीलखाली ‘पार्ट टू : शेगाव, विदर्भाचं बाली’ अशी घोषणा वाचली. जरूर जा. तिथल्या मंदिरातले सेवेकरी कुणावर आवाज चढवत नाहीत. हात जोडून ‘माउली, पुढे चला’ म्हणतात आणि भलाभला माणूस ट्रायपॉडसकट निमूट पुढे सरकतो. तुमचं तसं झालं तर तेवढी रील मला पाठवा. आमचे हे ती जेवताना पाहतील.

कळावे,
चिखलीची एक बाई